वांझ करटुली

मोरकडा डोंगराच्या उतारावर करटुलीचा वेल कुठे कुठे आहे, हे लिडियामावशीला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. निवडुंगाच्या जाळीतला कोणता, बाभळीवर चढलेला कोणता, कोणाची फळं मोठी, कोणाची बारकी पण चवीची, सगळं तोंडपाठ. नगरला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पाटी मांडून ती पंचवीस-तीस पावसाळे ही रानभाजी विकत आली होती. वाडीतल्या बायका तिच्या मागोमाग रानात जायच्या, आणि रानाच्या बाबतीत ती म्हणेल ती पूर्व दिशा. नवरा लवकर गेला होता, मुलगा पुण्याचा झाला होता. उरला होता तो हा मान, आणि मावशीला तो भाकरीपेक्षा गोड लागायचा.

घात झाला तो या मानापायीच. तीन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात एक औषधवाला टेम्पो घेऊन वाडीत आला. त्याला करटुलीचे कंद हवे होते. पण फळणाऱ्या वेलाचे नकोत, वांझ करटुलीचे हवेत. ज्या वेलाला भरपूर फुलं येतात पण फळ कधीच धरत नाही, त्याला इकडे सगळे वांझ म्हणतात. बायकांनी मावशीकडे पाहिलं. मावशीच्या आईने फार पूर्वी बजावलं होतं, की त्या वेलाला हात लावायचा नाही, तो असू दे तिथंच. का, ते म्हातारीने सांगितलं नव्हतं. बहुधा तिलाही ठाऊक नसावं. मावशीने आपलं डोकं चालवलं. जे फळत नाही ते उगाच जागा अडवतं, शेजारच्या वेलाचं पाणी पितं. तण उपटावं तसं ते काढून टाकलं तर बाकीचे वेल दुप्पट फळतील, असं तिने ठणकावून सांगितलं. आठ दिवसांत मोरकड्यावर वांझ म्हणून एक वेल उरला नाही. कुठे खणायचं हे दाखवायला तीच पुढे होती.

त्याच नाताळात सुरेखा माहेरी परत आली. चर्चची घंटा वाजवणाऱ्या योसेफची ही एकुलती एक लेक. नऊ वर्षांत मूल झालं नाही म्हणून सासरच्यांनी तिला बापाच्या दारात आणून सोडलं, आणि गाडी वळवून गेले, चहालाही थांबले नाहीत. बापावर भार नको म्हणून पुढच्या पावसाळ्यात ती बायकांबरोबर रानात येऊ लागली. हात चपळ होता आणि बोलणं कमी. मावशीला ती आवडायची.

त्या पावसाळ्यात वेल जोमाने वर आले. पिवळी फुलं लागली, प्रत्येक फुलामागे काटेरी हिरवा मणी दिसू लागला, आणि चार दिवसांत तो मणी पिवळा पडून गळून गेला. बायका हळहळल्या, पाऊस लहरी झालाय म्हणाल्या. दुसऱ्या वर्षी पाऊस वेळेवर झाला, तरी तेच. जिथे पाट्या भरायच्या तिथे ओंजळ भरेना.

मग पुष्पावतीने तोंड उघडलं. दर रविवारी पहिल्या ओळीत बसून डोळे मिटून गाणी म्हणणारी ही बाई. पण दुसऱ्याच्या लेकीबद्दल बोलताना तिला देव आठवत नसे. ती म्हणाली, वांझेचा हात लागला आणि वेल वांझ झाले, ती आली त्याच वर्षापासून बघा. बायकांनी वर्ष मोजलं आणि ते बरोबर निघालं. मेळ बसला की माणसाला पुरावा लागत नाही.

सुरेखाला येऊ नकोस असं कुणीच म्हणालं नाही. फक्त निघायची वेळ तिला सांगणं बंद झालं. वाडीच्या ख्रिस्ती मंडळीत सुगीनंतर प्रथमफळाचा सण असतो. ज्याच्या त्याच्या घरचं पहिलं पीक चर्चमध्ये आणतात, वेदीपुढे मांडतात आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. त्या पाट्या मांडायला सुरेखा पुढे झाली तेव्हा पुष्पावतीने हसत हसत पाटी तिच्या हातून काढून घेतली. मावशी शेजारीच उभी होती आणि तिने मान दुसरीकडे वळवली. खरं सांगायचं तर तिलाही ते पटलं होतं.

यंदा योसेफनेच हात टेकले. त्याने पाळकसाहेबांना सांगून दूरच्या एका वसतिगृहात सुरेखासाठी स्वयंपाकिणीचं काम मिळवलं. सण झाला की सोमवारी ती जाणार होती. म्हातारा गुडघ्यांनी अधू, घंटेची दोरी धरून उभं राहतानाही त्याला धाप लागायची. पण लेकीला रोज मरताना बघण्यापेक्षा एकटं राहिलेलं बरं, असं तो म्हणाला.

सणाच्या आदल्या दिवशी मावशीची भाची प्रार्थना आली. ती नगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. दिवस मावळायला आला तेव्हा मावशी तिला मोरकड्यावर घेऊन गेली. करटुलीची फुलं त्याच वेळी उमलतात. हंगाम सरत आला होता, तरी काही वेलांवर अजून फुलं होती. प्रार्थनाने दहा-बारा वेल पाहिले, फुलं उलटी करून पाहिली आणि विचारलं, की इथे नराचा एकही वेल कसा नाही?

मावशीला प्रश्नच कळला नाही. मग प्रार्थनाने सोपं करून सांगितलं. पपईत जसं एक झाड नर आणि एक मादी, तसंच करटुलीत. फुलामागे मणी असतो ती मादी. नुसतं फूल असतं तो नर. त्याचा पराग मिळाला तरच मणी वाढतो, नाहीतर गळतो. तुम्ही लोक ज्याला वांझ म्हणता, तोच तो नर.

मावशी बांधावर बसली. पपईचा नर तिला ठाऊक होता, स्वतःच्या परसात तिने एक राखूनही ठेवला होता. रानातल्या वेलाचं मात्र तिला आयुष्यभर सुचलं नाही. कुणी खणले, असं प्रार्थनाने विचारल्यावर ती म्हणाली, एक औषधवाला आला होता. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. प्रार्थना म्हणाली, काळजी नको. पलीकडच्या डोंगरावर नर असतील, त्यांचे थोडे कंद आणून लावले की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल.

म्हणजे कुणाला कळायचं काही कारण नव्हतं. गुपचूप कंद लावायचे, वेल फळले की लिडियामावशीनेच रान राखलं असं वाडी म्हणेल, आणि मान उलट वाढेल. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली जात होती, आणि चोराच्या गळ्यात हार पडायचा बाकी होता. मावशीला स्वतःची किळस आली.

रविवारी चर्च भरलं होतं. वेदीपुढे बाजरी, कांदे, अंडी, भोपळे मांडले होते. कुणाला साक्ष द्यायची आहे का, असं पाळकसाहेबांनी विचारलं. आजारातून उठलेली, नोकरी लागलेली माणसं उभी राहून दोन शब्द बोलतात, तशी ही रीत. मावशी उठली. पदर डोक्यावर घेतला.

"मोरकड्याची करटुली मी मारली," ती म्हणाली. "ज्याला आपन वांझ म्हनतो, त्यो बाप्या येल हाय. त्याच्याबिगर फळ धरत न्हाई. त्यो खांदायला मी सांगितलं, दाखवायला मीच पुढं हुते. सुरेखा वाडीत यायच्या आधीच ते झाल्तं. तिनं येलाला काय बी केल्यालं न्हाई. तुमी तिला बोलत हुता तवा मी गप ऱ्हायले, कारन मला बी ते खरं वाटत हुतं."

कुणी आमेन म्हणालं नाही. पुष्पावती मांडीवरच्या पवित्र शास्त्राची पानं उलटत राहिली. पाळकसाहेबांनी जरा घाईनेच गाणं धरलं.

लिलाव झाला, अंगणात जेवणाच्या पंगती बसू लागल्या. सुरेखा दारामागे बापाशेजारी उभी होती. मावशी तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, उद्या जाऊ नको.

"जायाचं का न्हाई ते मी बगीन," सुरेखा शांतपणे म्हणाली. मग तिने विचारलं, "मावशी, खरंच माज्यामुळं न्हाई ना?"

"न्हाई," मावशी म्हणाली. "माज्यामुळं."

"मला बी खरं वाटायचं. येल दिसला की मी हात पदराखाली घ्यायची. परवा शेजारच्या योहानच्या बायकूनं बाळ धरायला दिलं, ते बी घेतलं न्हाई मी."

दोन वर्षं रानाची राखण केल्याच्या तोऱ्यात मावशी या पोरीच्या शेजारून चालली होती. तिने सुरेखाचे दोन्ही हात पदराखालून बाहेर काढले आणि आपल्या हातांत धरून ठेवले. अंगणात वाढणं सुरू झालं होतं. त्या दोघींना कुणी हाक मारली नाही.