आईचं कागदावरचं मत

माझी आई मंदाबाई, वय सत्त्याऐंशी. मतदानाच्या मशीनशी तिचं कधी जमलंच नाही. मोतीबिंदूमुळे काचेआडची चिठ्ठी तिला दिसायची नाही. "बटन दाबलं की पीं करतं. मत कुठी गेलं, मले काय माहीत?" असं म्हणत ती आमच्या असोदा गावच्या शाळेतून मत देऊन तणतणत यायची आणि दिवसभर माझं डोकं खायची.

यंदा म्हाताऱ्यांना घरीच कागदावर मत देता येतं असं कळलं. केळीची कटाई सोडून मी तहसील कचेरीत खेटे घातले, तिचा अर्ज भरला. साहेबलोक घरी आले, मला बाहेर काढलं. आईने पुठ्ठ्याच्या आडोशाला देव्हाऱ्याजवळ बसून मत दिलं आणि लखोटा स्वतः चिकटवला. "डोयानं पाह्यलं रे, हितेंद्र," ती म्हणाली. इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

मतमोजणीला आमच्या उमेदवाराचा माणूस म्हणून मी टपाली मतांच्या टेबलाशी होतो; घरी दिलेली कागदावरची मतंही तिथेच मोजतात. साहेबांनी एक मतपत्रिका उलगडली. खूण अगदी बरोबर चौकटीत होती, पण चारी कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं. लग्नपत्रिका असो की माझं शाळेचं नवं पुस्तक, आई चारी कोपरे कधी कोरडे सोडत नाही. मग हा कागद कसा सोडेल? आणि मला बैलाला तिला आधी बजावायचं सुचलं नाही.

समोरच्या उमेदवाराचा योगराज लगेच म्हणाला, "साहेब, मतदार ओळखू येईल अशी खूण आहे. बाद करा."

मी भांडायला उठलो. "हळदकुंकू कुणाच्या घरात नाही? यावरून कोण माणूस ओळखू येतो, सांग ना."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला ओळखू आला का?"

हो म्हणावं तर मत माझ्याच तोंडाने बाद. नाही म्हणावं तर धडधडीत खोटं. मी खाली बसलो. साहेबांनी कागद बाद मतांच्या गठ्ठ्यात ठेवला.

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर वाट पाहत होती. शेजारच्या दोन-चार म्हाताऱ्याही जमल्या होत्या. कोण निवडून आलं, हे तिने विचारलंच नाही.

"माह्यं मत मोजलं?"

"मोजलं, आई."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हाताऱ्यांना ती म्हणाली, "मशीनवाले बठ्ठे वाया गेले, हे एक लागलं. तुम्हीबी कागदच मागजा. अन् हयदकुंकू लावाले इसरू नका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मशीनवरच्या तिच्या मतांचं मला काही सांगता येत नाही. बहुतेक मोजली गेली असतील. हे मात्र मोजलं गेलं नाही, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.