तीनशे वर्षांची काकू

आपल्या भाषेतली गाणी तबकडीवर आणणारे पहिले गृहस्थ म्हणजे शेठ. त्याआधी लोक गातच नव्हते, असं अलीकडे त्यांना स्वतःलाही वाटायला लागलं होतं.

चाळीस वर्षांपूर्वी त्यांची पहिली तबकडी निघाली तेव्हा एक बाजू रिकामी राहिली. गायकाला एकच गाणं येत होतं, स्टुडिओ संध्याकाळपर्यंतच मिळाला होता आणि शेठच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांचा डबा घेऊन आलेल्या काकूंनी, म्हणजे शेठच्या बायकोने, जिन्याच्या पायरीवर बसून तासाभरात गाणं रचलं, चाल लावली आणि गायकाला शिकवलंही. लेबलवर बायकोला मिरवलं तर भाऊबंद हसतील, म्हणून शेठनी छापलं, 'पारंपरिक'. गाणं गल्लोगल्ली वाजलं. मग काय, शेठना परंपरेची चटकच लागली. काकू स्वयंपाक आवरून रचत गेल्या आणि अशी बारा पारंपरिक गाणी निघाली.

आता एका प्राध्यापकांनी जाडजूड ग्रंथ लिहून ते पहिलं गाणं तीनशे वर्षांचं ठरवलं होतं. ते शोधून काढल्याबद्दल शेठचा सत्कार होता आणि गाण्यांचा संच पुन्हा निघणार होता. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदाच काही मागितलं: या वेळी लेबलवर माझं नाव हवं. शेठ म्हणाले, सत्कार होऊ दे, मग बघू. लेबलचा नमुना टेबलावर तसाच पडून राहिला.

सत्कारात मात्र पहिल्या रांगेतल्या काकूंकडे पाहून शेठना राहवलं नाही. हे गाणं माझ्या बायकोचं आहे, असं त्यांनी सांगून टाकलं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. स्वतःचं श्रेय बायकोला देतात, केवढा हा विनय, असं म्हणत अध्यक्षांनी डोळे पुसले. प्राध्यापक वही घेऊन काकूंकडे धावले. गाणं कोणाकडून ऐकलंत, असं त्यांनी विचारलं. कोणाकडून नाही, मीच केलंय, असं काकूंनी सांगितलं. प्राध्यापकांनी समजूतदारपणे मान हलवली आणि वहीत लिहिलं, 'मूळ स्रोत आठवत नाही.' वर काकूंनी म्हणून दाखवलेल्या तिसऱ्या कडव्यातली एक चूकही दुरुस्त करून दिली.

घरी आल्यावर शेठचे पाय जमिनीवर नव्हते.

"भर सभेत सांगितलं की नाही मी?"

"सांगितलंत." काकूंनी नमुना पुढे सरकवला. "आता लिहा."

शेठनी पेन उघडलं. बोललेलं विनय म्हणून खपून गेलं होतं, छापलेलं खपलं नसतं. ग्रंथ, मानपत्र, चाळीस वर्षांचा लौकिक, सगळ्यावर पाणी पडलं असतं. त्यांनी 'पारंपरिक' तसंच ठेवलं आणि खाली सही केली. काकूंचा चेहरा पाहून त्यांना लाज वाटली, पण जित्याची खोड जाईना.

"अगं, संचात आणखी एक घालायचं म्हणतोय," ते चाचरत म्हणाले. "एखादं जुनं गाणं करून देतेस का?"

"केलंय एक," काकू म्हणाल्या. "पण ते तुम्ही परंपरेकडेच मागा."