शेऱ्याच्या रकान्यातलं माप

नदीकाठच्या त्या गावाची पूररेषा आखायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा ती मनातून खूशच झाली. थोरली ताई त्याच गावात दिलेली. आठ दिवस काम होईल आणि बहिणीच्या हातचं जेवणही.

काम तसं सरळ होतं. काठावरच्या घराघरांत जायचं, मागच्या मोठ्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं ते जुन्या माणसांना विचारायचं, भिंतीवर तिथे खडूने खूण करायची आणि मोजणीच्या दुर्बिणीतून तिची उंची घ्यायची. शिंपीआळीत सगळ्यांनी कमरेएवढं पाणी सांगितलं. शिंपीकाकांनी मात्र हात थेट डोक्याच्या वर नेला.

काकांना गाव ‘तिखटमीठ’ म्हणायचं. साधी शिंक आली तरी ते तिची गोष्ट करून सांगत. सकाळीच भावोजींनी हसत बजावलं होतं, “त्यांचं ऐकशील तर अख्खं गाव पाण्याखाली दाखवशील.”

“कपाट जरा सरकवू या,” काका म्हणाले. “मागे गाळाची रेघ आहे. तिथे मी मुद्दाम रंग लावला नाही.”

कपाट कापडाच्या ताग्यांनी ठासून भरलेलं. रिकामं करायला तास गेला असता. दीड वाजून गेला होता आणि ताई जेवायची खोळंबली होती.

“राहू द्या काका, लिहून घेते मी.”

तिने लिहून घेतलंही. पण शेऱ्याच्या रकान्यात ‘अतिशयोक्ती वाटते’ असं टाकलं आणि आकडेमोडीतून ते माप वगळलं.

काकू दारापर्यंत सोडायला आल्या. “यांचं काही मनावर घेऊ नकोस गं. आमच्या लग्नाला शंभर माणसं होती, हे पाचशे सांगतात.” तिघंही हसले.

नकाशा छापून आला. पूररेषा शाळेच्या बरीच खालून गेली होती. म्हणून पूर आला तर सगळ्यांनी शाळेत जमायचं असं ठरलं; तसा फलकही लागला.

तिसऱ्या वर्षी नदी फुगली. दुपारी भोंगा वाजला तसे काका म्हणाले, “शाळेत नको, टेकडीवर चल.”

काकूंचे गुडघे धरलेले, टेकडी लांब. “ताईच्या बहिणीने यंत्र लावून मोजलंय,” त्या म्हणाल्या. “तुमच्या गप्पा नाहीत त्या.”

काका रागारागाने एकटेच निघाले. ही येईल मागोमाग, असं त्यांना वाटलं.

अंधार पडायच्या आत शाळेत पाणी शिरलं. नावेतून चाळीस जणांना बाहेर काढलं. ताई आणि भावोजी त्यांतच वाचले. काकू बाकावर चढताना घसरल्या, त्या कुणाच्या हाती लागल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी ती परत मोजायला गेली. शिंपीकाकांच्या घरात ओल्या मातीचा वास भरून होता. कपाट वाहून गेलं होतं. भिंतीवर पाण्याच्या दोन रेघा दिसत होत्या, एक जुनी, एक नवी. दोन्हींत चार बोटांचं अंतर. तिने पट्टी लावली.

“काका, तेव्हा मी ते कपाट हलवलं असतं तर...”

काकांनी जुन्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “मीही जन्मभर वाढवूनच सांगत आलो गं. हिला तरी कसं कळावं, त्यातलं खरं कोणतं?”

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

अहवालात तिने सगळं लिहिलं: हे माप मिळालं होतं, पडताळून पाहता आलं असतं, मी ते वगळलं. वरिष्ठ म्हणाले, “कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय? घरं रेषेत जाऊ नयेत म्हणून चुकीचं माप तर बाकीच्यांनी दिलं.” तिने एक शब्दही खोडला नाही. चौकशी झाली, ताकीद मिळाली. ती एवढ्यावरच सुटली, आणि तेच तिला जास्त लागलं.

नवी पूररेषा शाळेच्या वरून गेली. निवाऱ्याची जागा टेकडीवर ठरली. ताईचं घरही रेषेच्या आत आलं, म्हणजे तिथे नवं बांधकाम बंद. भावोजींनी तेव्हापासून बोलणं टाकलंय. ताई अधूनमधून फोन करते, तब्येत विचारते, पोरांचं सांगते. काकूंचं नाव दोघीही काढत नाहीत.