डावीकडून तिसरी

आईने शाळेच्या फॉर्मची आधी दोन पदरी घडी घातली, मग चार, मग आठ, आणि वाकून तो डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. टेबलावर तळहात ठेवून दाबून पाहिलं. टेबल हललं नाही.

"लागला सत्कारणी," ती म्हणाली आणि डबा भरायला वळली.

फॉर्म कुटुंब साहाय्याचा होता. हिवाळ्याच्या सुट्टीत शाळा सोळा दिवस बंद राहायची, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवणही बंद. ज्या घरांना त्या जेवणाचा आधार होता त्यांना शाळा सुट्टीआधी एकेक मोठं खोकं द्यायची. तांदूळ, पीठ, डाळ, तेल, दुधाची पावडर, साबण. दोन पोरी आणि दोन मोठी माणसं यांचं त्यात ताणूनतुणून भागत असे. मागच्या वर्षी भागलंही होतं. यंदा तर बाबांचा पाय प्लास्टरमध्ये. लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस शिडीवरून घसरला आणि तीन महिने घरात स्टुलावर पाय ठेवून बसला. आयुष्यभर जगाला वर-खाली नेलं, आता न्हाणीघरापर्यंत जायचं तर मलाच दोन माणसं लागतात, असं ते येईल त्याला सांगायचे आणि स्वतःच हसायचे. आई एकटी कमावती. ती इस्पितळाच्या लाँड्रीत होती. तिचा पगार घरात यायचा तोच मुळी पाहुण्यासारखा, चहा पिऊन उठायच्या तयारीत.

"आई, पण सोळा दिवस..." टकळी म्हणाली.

"यंदा खोकं नको."

"का पण?"

"मागच्या वर्षी घेतलं ना? पुरे झालं."

आणि ती कामावर गेली. दार आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं. आई रागावली की दारं अशी हळू लागतात, हे त्या घरात धाकटीलासुद्धा ठाऊक होतं.

टकळी म्हणजे थोरली. सातवीतली. हे नाव घरातलं, कारण घरात तिचं तोंड जन्मापासून चालू होतं. बाहेर मात्र मिठाची गुळणी. हजेरीला 'हजर' म्हणतानाही आवाज घशात अडकायचा. यंदा ती आंतरशालेय आठशे मीटरमध्ये पहिली आली आणि तिची सगळी भीड त्या शर्यतीत तिसऱ्या वळणावर कुठेतरी गळून पडली. ती उचलायला मागे कोण जाणार? तेव्हापासून ती वर्गात बोलायला लागली, मग सभेत बोलायला लागली, आणि शेवटी शिक्षकांनी, निदान तेवढा वेळ तरी गप्प बसेल या आशेने, शाळेचं बातमीपत्र तिच्या हाती दिलं. चार पानं, दर शुक्रवारी, ऑफिसातल्या यंत्रावर छापलेलं, प्रत्येक घरी जाणारं. येत्या शुक्रवारच्या, सुट्टीआधीच्या अंकाच्या पहिल्या पानावर अर्धं पान तिचाच फोटो जायचा होता. रेषा ओलांडताना, तोंड उघडं, वेणी आडवी. बातमी तिनेच लिहिली होती आणि स्वतःला 'वाऱ्याची मुलगी' म्हणताना तिला जराही संकोच वाटला नव्हता.

आईला खोकं का नको, हे तिने दुपारपर्यंत शोधून काढलं. म्हणजे तिला तसं वाटलं. बातमीपत्राच्या जुन्या अंकात मागच्या वर्षीचा फोटो होता. पुढे खुर्च्यांवर देणगीदार, मांडीवर हात ठेवून. मागे खोकी घेऊन उभी असलेली माणसं. त्यात आई, डावीकडून तिसरी. हनुवटीपर्यंत खोकं, वर दोन डोळे. हा फोटो दर वर्षी निघायचा. खोकं घेणाऱ्याने फोटोत उभं राहायचं, हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, पण मोडलाही कुणी नव्हता.

फोटोच नसता तर आईने खोकं घेतलं असतं. मग फोटो टाळायचा. एवढंच ना?

तिने ऑफिसातून कोरा फॉर्म आणला आणि बाबांपुढे पेन धरलं.

"आईला कळलं तर माझा दुसरा पाय जाईल," बाबा म्हणाले.

"मी आहे ना."

"तू पळशील गं. तू काय, पहिली आलेली. मी कुठे जाणार?" पण त्यांनी सही केली. धाकटी शेजारी पाटीवर घर काढत बसली होती. तिच्याकडे एकदा बघून त्यांनी सहीखालची रेघ जरा जोरातच ओढली.

दुसऱ्या दिवशी टकळी मुख्याध्यापिकांपुढे जाऊन उभी राहिली. मॅडम वाईट नव्हत्या. खोक्यांसाठी त्या स्वतः दुकानं पालथी घालत, व्यापाऱ्यांच्या दारात दहादा उभ्या राहत, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. त्यांनी शांतपणे समजावलं की देणाऱ्यांना फोटो लागतो, फोटो दिसला की पुढच्या वर्षी ते पुन्हा देतात, आणि एकाच्या लाजेपायी तेवीस खोकी धोक्यात घालणं त्यांना परवडणार नाही. टकळीने विचारलं, ज्यांना फोटो नको त्यांच्या पोरांनी सुट्टीत जेवायचं नाही का? मॅडमनी चष्मा काढला. टकळीने विचारलं, हा नियम कुठे लिहिलाय, दाखवा. मॅडमनी चष्मा पुसला. घंटा झाली तरी टकळी हलली नाही. पाठीमागे दोन शिक्षक हजेरीपटावर सही करायला ताटकळत उभे राहिले. शेवटी मॅडमनी चष्मा परत लावला आणि तोडगा निघाला. ज्यांना फोटो नको, त्यांनी समारंभ झाल्यावर मागच्या दाराने यावं आणि आपलं खोकं घेऊन जावं.

टकळी त्या खोलीतून जी निघाली ती उड्या मारत. एवढी मोठी लढाई तिने एकटीने जिंकली होती, आणि कुणाला सांगता येत नव्हती, याचंच काय ते वाईट.

समारंभ गुरुवारी दुपारी होता. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांवर चार देणगीदार, त्यात नळ-पाइपांचे एक मोठे व्यापारी. मागे माणसं उभी राहत होती. कार्यालयातले कारकूनकाका, जे पत्रंही लिहीत, घंटाही दुरुस्त करत आणि फोटोही काढत, सगळ्यांना जरा आत, जरा बाहेर करत होते. टकळी वही घेऊन बाजूला उभी होती. तेवढ्यात हॉलचं पुढचं दार हळू, अगदी हळू उघडलं.

आई होती. लाँड्रीतल्या निळ्या झग्यावरच आली होती. बाह्या कोपरापर्यंत, हात गरम पाण्याने लाल. सरळ कारकूनकाकांपाशी जाऊन उभी राहिली.

"मला कामावर फोन तुम्ही केला होतात?"

"हो ताई. सांगायलाच केला, की तुमचं नाव मागच्या दाराच्या यादीत आहे, तर जरा उशिराने..."

"मागच्या दाराने का? मी काय चोरी केलीय?"

टकळीला वाटलं, फरशीने पोटात घ्यावं. पण फरशी घेत नाही, म्हणून ती पुढे झाली.

"आई, मी सांगितलं होतं मॅडमना. तुला फोटो नको ना, म्हणून."

"फोटो नको असं कधी म्हणाले मी?"

"मग खोकं नको का म्हणालीस?"

आईने भोवती बघितलं. एवढ्या लोकांत ती कधी बोलली नव्हती. टकळीचा जुना, घशात अडकणारा आवाज कुठून आला होता, ते त्या क्षणी टकळीला कळलं. पण आई बोलली, आणि तिने आवाज चढवला नाही.

तिने सांगितलं की मागच्या वर्षीचा तो फोटो लाँड्रीतल्या मुकादमबाईंनी कौतुकाने कापून भिंतीवर लावला. आपली बाई पेपरात आली म्हणून. वाईट हेतू नव्हता. पण खाली छापलेली ओळही सोबत लागली. दुसऱ्या दिवशी नवी लागलेली पोरगी, जिला चादरीची घडी घालायला आईनेच शिकवलं, तिने विचारलं, या 'गरजू' म्हणजे तुम्हीच का? तेव्हापासून दुपारी कुणी ना कुणी आईच्या डब्याशेजारी उरलेली पोळी ठेवतं. कुणी जुने कपडे आणून देतं. मोठं मशीन बिघडलं की आधी तिला हाक मारायचे, आता म्हणतात, तिला कशाला त्रास, तिचं आधीच किती.

"मी नऊ वर्षं ते मशीन चालवते," आई म्हणाली. "खुर्च्यांवर बसलेत त्यांच्या नावापुढे दुकानाचं नाव होतं, धंदा होता. आमच्या सगळ्यांचं मिळून एकच नाव, गरजू कुटुंबे. अडचण आहे. आहेच की, नाही कुठे म्हणते? पण अडचण हे काय माझं काम आहे? खोकं घेईन, फोटोही काढा. खाली काय लिहिणार ते आधी सांगा."

मॅडमनी कारकूनकाकांकडे बघितलं. काका खाकरले. त्यांनी कबूल केलं की ती ओळ अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी संगणकात घातली होती. ते दर वर्षी फोटो बदलतात आणि साल बदलतात. मागच्या वर्षी तर सालही बदलायचं राहिलं होतं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

"तेवीस जणांची कामं लिहायची तर एका ओळीत मावणार नाहीत," मॅडम म्हणाल्या. त्या नाही म्हणत नव्हत्या, पण हो म्हणायलाही धजत नव्हत्या. "अंक उद्या निघतोय. जागा कुठे आहे?"

"पहिल्या पानावर आहे," टकळी म्हणाली.

"तिथे तुझी बातमी आहे."

"ती काढते."

"अगं, तुझा फोटो आहे. पहिला."

टकळीला ते माहीत होतं. तो फोटो ती दिवसातून सातदा बघत होती.

"धावणं काय मॅडम, शिळं होत नाही. आणि पुढच्या वर्षी परत पहिली येईन. तेव्हा छापू."

मॅडमनी तिच्या हातातल्या वहीकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "लिही."

टकळी डाव्या टोकापासून निघाली. पहिल्याने टॅक्सी म्हणून सांगितलं आणि कुठल्या वेळेला कुठल्या रस्त्याने जाऊ नये हेही सांगितलं. दुसरीने कँटीनमध्ये भांडी घासते म्हटलं आणि लगेच विचारलं, भांडी लिहिलंस तर बरं दिसेल का? टकळीने ठळक अक्षरात 'भांडी' लिहिलं. आईने मधे जागा करून घेतली आणि आपलं सांगितलं, मोजकं. एक आजी म्हणाली, मी काही करत नाही गं, तीन नातवंडं सांभाळते फक्त. तिच्यामागचा माणूस हसला. "करून बघा 'फक्त'," आजी त्याला म्हणाली.

शेवटाकडे एक तरुण बाप होता. मान खाली.

"काम?" टकळीने विचारलं.

"सध्या काही नाही."

टकळीचं पेन थांबलं. ओळीतून आईचा आवाज आला. "आधी काय करत होतात?"

"छपराचे पत्रे बसवायचो."

"हात तेच आहेत ना? मग लिही, पत्रे बसवतात."

नळ-पाइपांचे व्यापारी इतका वेळ खुर्चीत चुळबुळत होते. ते उठले. म्हणाले, ताई, तुम्ही बसा, मी मागे उभा राहतो.

"बसा हो," आई म्हणाली. "मला दिवसभर उभं राहायची सवय आहे. तुम्हाला उगाच गोळे येतील."

सगळे हसले, व्यापारीसुद्धा, आणि काकांनी नेमका तेव्हाच फोटो काढला. मग म्हणाले, परत एकदा, गंभीर. पण दुसऱ्यांदा कुणीच गंभीर झालं नाही.

शुक्रवारी अंक निघाला. पहिल्या पानावर फोटो, आणि त्याखाली फोटोहून लांब मजकूर. बसलेले आणि उभे, सगळ्यांची नावं, नावापुढे काम, एकाच मापाच्या अक्षरात. सुट्टीची घंटा झाली आणि पोरं अंक हवेत उडवत पळाली. एकाने त्याचं विमान केलं. टकळीने ते पकडलं, उलगडलं आणि त्याला परत दिलं. म्हणाली, आधी वाच, मग उडव.

घरी बाबा खोक्यातल्या वस्तू एकेक काढून धाकटीला नावं विचारत होते. आई कामावरून आली. टकळीने अंक पुढे केला आणि कधी नव्हे ती गप्प उभी राहिली.

आईने हात धुतले, पुसले. टेबलाशी बसली. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागली. टॅक्सी. भांडी. स्वतःच्या नावाशी थांबेल असं टकळीला वाटलं, पण ती थांबली नाही, तेवीसही वाचले. आजी आल्यावर मान डोलावली. पत्रे आल्यावर हुंकार दिला. मग बोट परत वर नेलं, डावीकडून तिसऱ्या नावावर.

"इस्पितळाच्या लाँड्रीत नऊ वर्षं. मोठं मशीन चालवतात. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले," तिने वाचलं. बोट ओळीच्या शेवटाशी नेलं.

"पडदे राहिले," ती म्हणाली.