पाणकणसांत अडकलेली होडी

घरात दोन जावा होत्या. थोरली शहराच्या रुग्णवाहिका नियंत्रण कक्षात फोन घ्यायची आणि धाकटी शाळेत खेळ शिकवायची. एकीचा दिवस हळू आवाजात बोलण्यात जाई, दुसरीचा मैदानावर ओरडण्यात. वरच्या मजल्यावर थोरलीची खोली, खाली धाकटीची. स्वयंपाकघर तेवढं एक. दोघींचं कधी वाजलं नाही, पण गट्टी जमली असंही नाही. "गॅस बंद केलास ना?", "हो ताई, केला," एवढ्यावर वर्षं निघून गेली होती.

त्या आठवड्यात मात्र थोरलीच्या नाकीनऊ आले. कक्षात नवी यंत्रणा बसवलेली, ती धड चालेना. त्यात दोन सहकारी आजारी. डब्याचं झाकण उघडावं आणि समोरच्या पडद्यावर लाल दिवा लागावा. भाजी गार, पोळी गार, तिचा आवाज मात्र मऊच. "शांत राहा, मी आहे फोनवर." घरी आल्यावरही कानातली घंटा थांबत नव्हती.

शुक्रवारी जेवताना सासूबाईंनी विचारलं, "अगं, मीठ कुठंय?"

"शांत राहा," थोरली म्हणाली, "तुम्ही कुठे आहात ते आधी सांगा."

सगळे खो खो हसले. तीही हसली. आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, तशी ती ताटावरून उठली.

शनिवारी सकाळी धाकटी जिना चढून वर आली. डोक्यावर टोपी, खांद्याला ही भली मोठी पिशवी.

"ताई, उठा. तळ्यावर जायचंय."

"नको गं. मला झोपू दे."

"झोप लागलीय का पण?"

थोरलीने कूस बदलली.

"मग इथे पडून छताकडे बघायचं, ते होडीत पडून आभाळाकडे बघा. चला."

थोरलीचा नवरा दाढी करत होता. तो आरशातूनच म्हणाला, "जा ना. घराचं मी बघतो." तो घराचं काय बघणार हे दोघींनाही ठाऊक होतं, पण म्हणाला हेच खूप.

तळं शहराबाहेर होतं. काठावर होड्या भाड्याने मिळत. धाकटीने थोरलीचा फोन काढून घेतला आणि गाडीतच ठेवून कुलूप लावलं. होडीवाल्याने दोघींना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"वल्हवता येतं ना?"

"येतं म्हणजे काय! खेळाची शिक्षिका आहे मी," धाकटी म्हणाली.

होडी काठापासून सुटली आणि जागच्या जागी गोल फिरू लागली. धाकटीने उजवं वल्हं जोरात मारलं, मग डावं, मग दोन्ही. पाण्यापेक्षा थोरलीच जास्त ढवळून निघाली.

"कुठे निघालोय आपण?"

"वारा नेईल तिकडे," धाकटी दात-ओठ खात म्हणाली.

वाऱ्याने त्यांना पलीकडच्या पाणकणसांत नेलं. माणसाच्या उंचीची ती हिरवी गर्दी. बाहेर पडायला म्हणून धाकटीने वल्हं तळाला रोवून जोर लावला. वल्हं चिखलात रुतलं, होडी पुढे सरकली आणि वल्हं मागेच खांबासारखं उभं राहिलं. दुसऱ्या वल्ह्याने ते ओढायला गेली, तर होडी आणखीच आत शिरली.

"अहो होडीवाले!" धाकटीने मैदानावरचा आवाज काढला. बदकांचा थवा फडफडत उडाला. माणूस एकही आला नाही. तिने आणखी दोन-तीन हाका मारल्या आणि शेवटी फळीवर बसकण मारली.

"येईल तो. होडी मोजूनच घेत असेल परत," ती म्हणाली. "चहा घेता?"

थर्मासमधला चहा दोघींनी एकाच झाकणातून घेतला. पाणकणसं एकमेकींना घासून सळसळत होती. होडीच्या बुडाखाली पाणी मधूनच डुबुक करी. एक निळा चतुर धाकटीच्या टोपीवर येऊन बसला, आणि तिला सांगावं की नाही या विचारात थोरली कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

मग ती एकदम बोलली. "बुधवारी एक फोन आला होता. म्हातारे गृहस्थ. बायको उठत नाही म्हणाले. छाती कशी दाबायची ते मी सांगत होते, त्यांच्याबरोबर आकडे मोजत होते. तर आकड्यांच्या मध्ये ते तिला म्हणायचे, 'चहा ठेवलाय गं, ऊठ ना.'"

धाकटीने झाकण खाली ठेवलं.

"मग दार उघडल्याचा आवाज आला. आमची माणसं पोचली आणि फोन बंद झाला. आम्हाला पुढचं कधीच कळत नाही. इतक्या वर्षांत त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पण हा माणूस डोक्यातून जात नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? पुढचा फोन घेतला. कुणाचा तरी पाय मुरगळला होता."

धाकटीकडे एरवी सगळ्यावर सल्ला तयार असे. आज ती एवढंच म्हणाली, "खरं सांगू ताई? मला वाटायचं, तुम्ही मुळातच अशा. तुम्हाला कशाचं काही वाटतच नाही."

"मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

धाकटीने पिशवी उशीसारखी करून दिली. थोरली होडीच्या तळाशी आडवी झाली. वर कणसांच्या शेंड्यांमधून आभाळाची चिंधी दिसत होती. ती बघता बघता तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन दुसऱ्या बाजूला गेलं होतं. तोंडावर सावली होती, कारण धाकटी टॉवेल हातात ताणून धरून बसली होती. तिचा एक खांदा लालबुंद झाला होता.

"कुणी आलं नाही अजून?"

"होडीवाला आला होता मघाशी."

"मग?"

"हातानेच खुणावलं, जा म्हटलं. तुम्ही घोरत होतात."

"मी घोरत नाही."

"ताई, परत आलेली बदकं पुन्हा उडाली."

थोरलीला हसू आवरेना. "आता गं? त्याला तर तू घालवून दिलंस."

"आता उतरायचं आणि ढकलायचं," म्हणत धाकटी पाण्यात उतरली आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेली. थोरली क्षणभर बघत राहिली, मग विजार वर दुमडून तीही उतरली. गार मऊ चिखल बोटांमधून वर आला. "एक, दोन, तीन!" दोघींनी सगळा जोर लावला. होडी सुटली ती अशी सुटली, की सरळ उघड्या पाण्यात निघून गेली. रिकामी. दोघी चिखलात उभ्या राहून ती जाताना बघत होत्या.

"खेळाची शिक्षिका," थोरली म्हणाली.

दोघी पोट धरून हसल्या. धाकटीचा तोल गेला, तिने थोरलीला धरलं आणि दोघी कमरेपर्यंत पाण्यात बसल्या. होडीवाला आधी होडी घेऊन आला, मग त्यांना. त्याच्या मिशांनी काय ते सांगितलं.

काठावरच्या गवतात कपडे वाळवत त्यांनी उकडलेली अंडी खाल्ली, पाव खाल्ला, संत्री सोलली. थोरलीला सडकून भूक लागली होती. त्या म्हातारबुवांची आठवण मधूनच येत होती. आली की थोरली हातातली फोड धरून थांबायची, मग खायची. त्यांच्या बायकोचं पुढे काय झालं ते तिला कळलं नाही, आणि सोमवारी कक्षात नवे फोन असणारच होते. यंत्रणाही धड झालेली नसणार.

सावल्या लांबल्या. धाकटीने चपला झटकल्या. "निघायचं का घरी? सासूबाई वाट बघत असतील."

"बघू देत," थोरली म्हणाली आणि गवतावर पाय लांब केले. "बस गं जरा."

धाकटी पुन्हा खाली बसली.