उशीचं वजन

मी एक म्हातारी गिनीपिग आहे. मित्रांनो, म्हातारी म्हटल्यावर काठी आणि चष्मा डोळ्यांसमोर आणू नका. आमचं आयुष्यच चिमूटभर. तुम्ही शाळेच्या चार-पाच इयत्ता पार करता, तोवर आम्हाला म्हातारपण गाठतं. पण एवढ्याशा आयुष्यात मी एकदा मरता मरता वाचले. कशी वाचले, ते तुम्हाला सांगावं असं फार दिवस मनात आहे.

मी ज्या घरात राहते तिथे दोनच माणसं आहेत. ताई आणि तिचा धाकटा भाऊ. ताई लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करते. भाऊ खाली दुकानात सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवं कापड चढवतो, म्हणून सगळी गल्ली त्याला कुशनवाला म्हणते. माझा पहिला मालक त्याचं गिऱ्हाईक होता. एक आरामखुर्ची आणि माझा पिंजरा दुकानात ठेवून तो म्हणाला, "घर बदलतोय. हिलाही दोन दिवस सांभाळाल का?" खुर्ची तयार झाल्यावर त्याने ती माणूस पाठवून नेली. मला न्यायला कोणी आलं नाही.

"माणसाला खुर्ची आठवली, जीव आठवला नाही!" ताई म्हणाली आणि मला वरच्या खोलीत घेऊन गेली.

मी गोल होते, मऊ होते आणि दिवसभर लोळायचे. कुशनवाल्याने माझं नाव उशी ठेवलं. जिन्यावर पावलं वाजली की मी शीळ घालायचे. "घंटी बसवायचा खर्च वाचला," असं तो ज्याला त्याला सांगायचा. त्या दिवसांत माझं फार कौतुक झालं.

मग दुकानात एका नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं मोठं काम आलं. कुशनवाला सकाळी खाली उतरायचा तो अंधार पडल्यावरच वर यायचा. माझं वाळलेलं गवत आणणं हे त्याचं काम होतं, ते मागे पडलं. ताई बिचारी मायाळू. गवत नाही तर नाही, म्हणून ती मला पावाचा मऊ भाग द्यायची, काकडी द्यायची, कधी बिस्किटाचा चुरा. मलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

पण आमचे दात आयुष्यभर वाढत असतात. गवत चावून चावूनच ते झिजतात. मऊ खाऊन माझ्या दाढा वाढल्या, वाकड्या झाल्या आणि जिभेला टोचू लागल्या. मी वाटीजवळ जायचे, वास घ्यायचे आणि परत फिरायचे. वरून केस तसेच फुगलेले होते, त्यामुळे आत मी वाळत चालले आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. एक दिवस ताईने मला उचललं आणि तिचा चेहराच उतरला. "अरे, वर ये आधी!" तिने जिन्यातून हाक मारली. "उशीतला कापूस कुणी काढून नेल्यासारखी झालीय ही!"

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला गुंगी देऊन दाढा घासल्या. औषध दिलं. मग मला वजनकाट्यावर ठेवून त्या म्हणाल्या, "दात झाले. आता खरी लढाई. हिचं पोट रिकामं राहिलं तर आतडी थांबतात, आणि ती थांबली की माझ्या हातात काही राहत नाही. गवताच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवा, त्याची पेज करा, आणि बिनसुईच्या सिरिंजने थोडी थोडी भरवा. तोंडाच्या कडेने, ती चावेल तेवढीच. ढकलू नका, नाहीतर ठसका लागेल. दिवसातून बऱ्याचदा, रात्रीही एकदा. आणि रोज वजन करा."

घरी आल्यावर ताईने मला मांडीवर घेतलं. सिरिंज जवळ आली तशी मी तोंड फिरवलं. तोंड दुखत होतं, आणि जगण्याचा कंटाळा आला होता म्हणा ना. ताईचा हात लगेच मागे गेला. "नको म्हणतेय रे ती. राहू दे."

कुशनवाल्याने टॉवेल घेतला. फोमवर कापड चढवावं तसा तो माझ्याभोवती घट्ट, पण न आवळता गुंडाळला. डोकं तेवढं बाहेर. मग ओठांच्या कोपऱ्यातून पेजेचा एक थेंब आत. मी चावेपर्यंत तो थांबला. मग दुसरा थेंब.

"किती छळतोयस तिला! याला काय प्रेम म्हणतात?" ताई म्हणाली.

"याला जेवण म्हणतात," तो म्हणाला.

ताई आतल्या खोलीत निघून गेली. मला त्याचा भयंकर राग आला होता. त्याचे हात खरखरीत, अंगाला गोंदाचा वास. संधी मिळताच मी त्याच्या बोटाला कडकडून चावले. रक्त आलं. त्याने बोटाकडे पाहिलं आणि तो चक्क हसला. "ताई, चावली बघ! दात चालू झाले म्हणायचे."

हळूहळू काटा वर सरकू लागला. ताईला इतका आनंद झाला की तिने लपवून मला काकडीच्या फोडी दिल्या. एक, मग आणखी एक. माझं पोट बिघडलं, आणि सगळं कमावलेलं वजन पुन्हा गेलं. कुशनवाला रागावेल असं ताईला वाटलं होतं. तो नुसता खाली बसला. म्हणाला, "ताई, उद्या मला नाट्यगृहात खुर्च्या बसवायला जावंच लागेल. दिवसभर. मी नसताना कोण भरवणार हिला?"

दुसऱ्या दिवशी खोलीत आम्ही दोघीच होतो. ताईने पेज केली, स्वतःच्या मनगटावर टाकून ऊब पाहिली. टॉवेल तिला नीट जमेना. सिरिंज जवळ आली आणि मी तोंड फिरवलं. तिचा हात मागे गेला. डोळे भरून आले. मला वाटलं, सुटले.

तेवढ्यात तो हात परत आला. "नाही गं बाई," ती म्हणाली, "आज तुझं नाही ऐकणार मी. रागाव माझ्यावर. पण राहा."

मी रागावले. पण गिळलंही. त्या दिवशी ती प्रत्येक वेळी रडली, आणि एकही वेळ तिने चुकवली नाही.

संध्याकाळी कुशनवाला दार उघडून आत आला, तेव्हा ताईने ओठांवर बोट ठेवलं. पिंजऱ्यातून कुरकुर असा बारीक आवाज येत होता. मी गवताची एक काडी आपणहून चावत होते. ती दोघं जमिनीवर बसून राहिली, जणू गाण्याची मैफलच ऐकत होती. मग डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून गवताच्या जोडीला ढोबळी मिरची आली, वजन मुंगीच्या पावलांनी परतलं. जुन्याइतकं नाही, पण जगायला पुरेसं.

मित्रांनो, आम्ही लहान प्राणी कण्हत नाही. दुबळं दिसलं की कोणीतरी झडप घालतं, ही भीती आमच्या रक्तात आहे. म्हणून दुखलं तरी आम्ही धडधाकट असल्याचं सोंग करतो. तुम्ही आमचे लाड करता, ते आम्हाला हवेच असतात. पण वाटीत काय घातलंत यापेक्षा वाटीत काय उरलं, ते रोज बघत जा.