खवणीनं दातांवर बोलू नये

लग्नानंतरच्या पहिल्या नारळी पौर्णिमेला सासूबाई खवणी शोधत होत्या. विजयकुमार, म्हणजे माझा नवरा, ओट्याला टेकून उभा होता. म्हणाला, "आई, खवणी कशाला हवी? लीना आहे ना. हिच्या दातांवर नारळ धरला की झालं." सासूबाई हसल्या, दीर हसले, चुलत जाऊ तर हसता हसता खालीच बसली. माझे वरचे दात पुढे आहेत हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण त्याचा असा चारचौघांत तमाशा कुणी केला नव्हता. त्या दिवसापासून मी खवणी झाले.

कुवेतला आलो तेव्हा वाटलं, सासर मागे राहिलं, आता हे नावही मागे राहील. कसलं काय! मंगफच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पुण्या-नाशिकचे इंजिनियर भरलेले. पहिल्याच पार्टीत ह्यांनी ओळख करून दिली, "ही आमची खवणी. थेट रत्नागिरीहून इम्पोर्ट केली आहे." बायका चोरून माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि मग माझ्या मोदकांचं कौतुक करायच्या.

ह्यांचे दात मात्र देखणे, आणि ते ह्यांना पुरेपूर माहीत. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचं निवेदन वर्षानुवर्षं हेच करायचे. माइक हातात आला की आधी हसायचे, मग बोलायचे. प्लँटमधल्या हुद्द्यापेक्षा त्या माइकचा अभिमान जास्त. एकच दुखणं होतं, सिगारेट. दातांवर तपकिरी किटण चढायला लागलं होतं. ते फोटोत दिसलं तसे हे हादरले. छातीसाठी नाही, माझ्यासाठी नाही, लेकीसाठी, नेहासाठी नाही, फोटोसाठी ह्यांनी सिगारेट सोडली.

सोडली म्हणजे काय, तर प्लँटमधल्या मयूरनं हातात व्हेप दिलं. बॅटरीवर चालणारी पेनाएवढी नळी, आंब्याच्या वासाची. मी नाक मुरडलं तर म्हणाले, "अगं, धूर नाही हा, वाफ आहे. नेहाला सर्दी झाली की डोक्यावर टॉवेल टाकून द्यायचीस ना, तीच." सासूबाईंनाही फोनवर तेच सांगितलं. त्या खूश. "वाफ घेतोस? घे रे बाबा, वाफ चांगली. त्यात निलगिरीचे दोन थेंब टाक." वाफ म्हटल्यावर आमच्या घरात कोण कशाला काळजी करेल? मीसुद्धा आधी फसले. पडद्यांचा घाण वास गेला, ह्यांनी क्लिनिकमध्ये जाऊन दात चकचकीत करून घेतले. तिथं हिरड्यांसाठी पुन्हा बोलावलं होतं. हे गेले नाहीत. रक्त येत नाही, दुखत नाही, मग कशाला जायचं?

सिगारेटसाठी निदान खाली उतरावं लागायचं. वाफेला कसलाच धरबंध नव्हता. गाडीत, बाथरूममध्ये, टीव्हीसमोर, अंथरुणात. तोंड सारखं कोरडं पडायचं, म्हणून खालच्या बकाल्यातून, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानातून, दुधाबरोबर लिंबाच्या गोळ्यांची पाकिटं यायला लागली. छातीत वाफ, गालात गोळी. सकाळी ह्यांच्या तोंडाला आंबलेल्या आमटीसारखा वास यायचा.

लोकांनी आयुष्यभर माझे दात बघितले, म्हणून मला दुसऱ्यांचे बघायची खोड लागली आहे. मला दिसलं, ह्यांचे वरचे दात लांब झाले होते. या वयात दात कुठले वाढायला? हिरड्या वर सरकल्या होत्या. मुळाशी तपकिरी रेघ उमटली होती आणि पुढच्या दोन दातांत बारीक फट पडली होती.

घरी पाहुणे होते त्या दिवशी मी ह्यांना स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "अहो, हिरड्या दाखवून या. दात हलतील." हे तसेच बाहेर गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "ऐका हो! आमची खवणी आता दातांची डॉक्टर झाली. खवणीनं निदान दातांवर तरी बोलू नये!" मयूर हसून लोळला. नेहा तेवढी म्हणाली, "पापा, स्टॉप इट. इट्स नॉट फनी." मी हातातलं ताट ठेवलं. ठीक आहे म्हटलं, नाही बोलणार. आणि खरंच बोलले नाही. फट रुंदावली, हे एका बाजूनं चावायला लागले, कणीस सुरीनं काढून खायला लागले, मी सगळं बघत होते. मला त्यात सुख होतं. उगाच खोटं का सांगू?

संक्रांतीचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. लाडू मंडळातल्या बायकांनीच वळले होते आणि पाक पुढे गेल्यामुळे दगडासारखे झाले होते. मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ माइकवर म्हणाले, "जरा जपून खा मंडळी, कडक आहेत." ह्यांना तेवढं निमित्त पुरलं. माइक घेतला, हसले आणि म्हणाले, "ज्यांचे दात आमच्यासारखे आहेत त्यांनी बिनधास्त खावेत. बाकीच्यांनी आमच्या खवणीकडून खवून घ्यावेत!" हॉल हसला. ह्यांनी लाडूचा कचकन चावा घेतला.

दात लाडवातच राहिला. ह्यांना क्षणभर कळलंच नाही. "गोड बोला" म्हणायला गेले आणि माइकमधून नुसती हवा आली. पुढच्या रांगेतलं एक पोर ओरडलं, "मम्मा, अंकलचा टूथ पडला!" मग सगळा हॉल हसला, आधी माझ्यावर हसला होता तसाच.

फरवानियातल्या डॉक्टर शर्वरींनी एक्स-रे उजेडावर धरला. वरचे पुढचे उरलेले तीनही दात काढावे लागतील म्हणाल्या. खाली हाडच उरलं नव्हतं.

"पण रक्त कधीच आलं नाही हो," हे तोंडावर रुमाल धरून म्हणाले.

"निकोटिननं हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आतून सडत असलं तरी रक्त येत नाही. सिगारेटनं हिरड्या आधीच खाल्ल्या होत्या. तुम्ही ती सोडलीत, पण निकोटिन कुठे सोडलंत? वर तोंड कोरडं, लाळ नाही आणि दिवसभर गोळ्या. दात किडायला आणखी काय हवं?"

"वाफ होती ती," हे पुटपुटले.

"वाफ भाताला येते," शर्वरी म्हणाल्या. "घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "आलं होतं," मी म्हटलं. "पण खवणीनं दातांवर बोलायचं नसतं." शर्वरींना काही कळलं नाही. ह्यांना कळलं. मान खाली गेली.

चार दात गेले. तात्पुरती कवळी टोचते, म्हणून घरात ती वाटीत पडून असते. राजाभाऊंनी फोन करून "आता जरा विश्रांती घ्या" म्हणून सांगितलं आणि माइक मयूरला दिला. तो ह्यांच्याइतका छान हसत नाही, पण त्याचं तोंड भरलेलं आहे.

काल मी गावाहून आणलेल्या खवणीवर बसून नारळ खवला, रस काढला, तांदळाच्या शेवया पाडून शिरवाळे केले. ह्यांना आता मऊच लागतं. वाटी घेऊन टेबलाशी आले तर हे हात पुढे करून म्हणाले, "लीना, दे."

त्या नारळी पौर्णिमेपासून नावानं हाक मारली नव्हती ह्या माणसानं. बिचारा. वरचे दात नसले की 'व' म्हणता येत नाही, ते मला तेव्हा उमगलं.

मी वाटी मागे घेतली. "लीना कोण? नेहमीच्या नावानं हाक मारा."

शिरवाळ्यांना वाफ येत होती.

"म्हणा ना."

"ख... खहणी."

"नीट म्हण," मी म्हटलं. अहो-जाहो कधी गळून पडलं, माझं मलाच कळलं नाही.

"खफ... खहु..." ओठ आत गेले, थुंकी उडाली, डोळ्यांत पाणी आलं. मी हसले. पुढे आलेले सगळे दात दाखवून हसले.

दारात नेहा उभी होती. कधीपासून, कोण जाणे. "आई, स्टॉप इट," ती म्हणाली. "इट्स नॉट फनी."

"पुन्हा म्हण," मी त्याला म्हटलं.